लसीनंतरची रात्र

पोलादपूरहून प्रतापगडाच्या अंगाने महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट रायगड आणि सातारा हे जिल्हे जोडतो, तर पोलादपूरच्याच दक्षिणेला कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका लागतो. सावित्री नदीच्या वरच्या खोऱ्यातील या कोपऱ्यात लसीकरणाचे काम करणाऱ्या आरोग्यसेविका, आशा आणि अंगणवाडी सेविका यांचा अनुभव म्हणूनच एका तालुक्यापुरता राहत नाही. तीन जिल्ह्यांच्या नोंदवह्या, दोन घाट, सोंडांवर विखुरलेल्या वाड्या आणि जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस या सगळ्यांशी त्यांना एकाच वेळी जमवून घ्यावे लागते. त्या अनुभवातून वारंवार पुढे येणारी गोष्ट अशी, की कागदावर ज्याची नोंद 'पालकांचा नकार' अशी होते त्यात लसीवरच्या अविश्वासाचा वाटा थोडा असतो आणि लस घेतल्यानंतर जे निभवावे लागते ते कोणाच्या आधारावर निभवायचे, या प्रश्नाचा वाटा मोठा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ साली 'लस-संकोच' या संकल्पनेची जी व्याख्या केली, तिच्यानुसार लस उपलब्ध असूनही ती घेण्यास उशीर करणे किंवा ती नाकारणे म्हणजे लस-संकोच होय. त्यामागे लसीवरचा आणि ती देणाऱ्या यंत्रणेवरचा विश्वास, रोगाविषयीची निर्धास्तता आणि लस मिळवण्यातील सोय अशी तीन कारणे या गटाने मानली. पुढे २०१९ साली संघटनेने जगाच्या आरोग्यापुढील दहा प्रमुख धोक्यांमध्ये लस-संकोचाची गणना केली. व्याख्या उपयोगी आहे, परंतु तिच्यातील 'उपलब्ध असूनही' ही अट घाटातल्या वाडीला लावताना अडचण येते, कारण लस उपलब्ध आहे की नाही हे येथे महिन्यातला एक ठरावीक दिवस, त्या दिवसातले काही तास आणि त्या तासांत वाट चालण्याजोगी असणे यांवर अवलंबून असते, आणि या तिन्हींचा मेळ बसला नाही तरी अहवालात लस उपलब्धच असते.

लस गावात येते ती अशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बर्फाचे अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भाषेत 'आयएलआर'मध्ये, ती दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असते. सत्राच्या सकाळी बर्फाचे पॅक बाहेर काढून ते थोडे वितळू लागेपर्यंत थांबून मग व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये रचतात, कारण कडक गोठलेल्या पॅकला टेकून पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तर ती निकामी होते. मग ती पेटी गाडीने, मोटारसायकलने आणि शेवटचा टप्पा पायी असा प्रवास करून अंगणवाडीत पोहोचते. सरकारी निकषानुसार सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. निकषात सवलत दिसते खरी, पण तीन हजार माणसे एका गावठाणात राहणे आणि तीच माणसे ओढ्यांनी तोडलेल्या वाड्यांमध्ये राहणे यांतला फरक लोकसंख्येच्या आकड्याला कळत नाही.

या प्रवासाच्या शेवटी एक संकोच असा आढळतो, की ज्याची चर्चा फारशी होत नाही, कारण तो पालकांचा नसून यंत्रणेचा असतो. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी कोरड्या पावडरीच्या रूपात येतात, एका व्हायलमध्ये अनेक मुलांपुरते डोस असतात आणि द्रावण मिसळल्यानंतर चार तासांत उरलेले सर्व टाकून द्यावे लागते. वाडीत नऊ महिने पूर्ण झालेली मुले दोनच असतील तर व्हायल फोडायची की पुढच्या महिन्यात आणखी दोन-तीन मुले जमेपर्यंत थांबायचे, हा प्रश्न आरोग्यसेविकेपुढे उभा राहतो. एका मुलासाठीही व्हायल उघडावी असे धोरण सांगते. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब मात्र महिनाअखेरीला तिलाच द्यावा लागतो. लावणीच्या दिवसांत दीड तास चालून आलेल्या आईला 'पुढच्या वेळी ये' असे एकदा ऐकावे लागले, तर पुढच्या वेळी ती आली नाही यात नवल वाटायला नको. परंतु त्या न येण्याचे खाते तिच्या नावावर पडते.

सर्वांत अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे ताप. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब या जंतूपासून होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून संरक्षण देते. तिच्यातील डांग्या खोकल्याचा घटक मारलेल्या संपूर्ण जंतूपासून बनवलेला असल्याने तिच्यानंतर ताप येणे, मांडी सुजणे आणि बाळाने रात्रभर किरकिर करणे हे नेहमीचे आहे. श्रीमंत देशांनी बहुतांशी निवडलेल्या शुद्ध केलेल्या घटकाच्या लसीने हा त्रास कमी होतो, मात्र ती महाग असते आणि तिचे संरक्षणही लवकर ओसरते. तेव्हा भारतातील निवड वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीयच आहे. प्रश्न निराळा आहे. तोच ताप महाड शहरातल्या बाळाला आणि घाटमाथ्याजवळच्या धनगरवाड्यातल्या बाळाला सारख्याच अंशांनी येत असला, तरी त्या दोन तापांची किंमत सारखी नसते. शहरात औषधाचे दुकान उघडे असते, रात्री रिक्षा मिळते, फार वाटले तर दवाखाना गाठता येतो. धनगरवाड्यात अंधार पडल्यानंतर हातात बॅटरी, घरात पॅरासिटामॉलचे थेंब असलेच तर ते, आणि अगदीच वेळ आली तर चार माणसे जमवून डोलीने खाली रस्त्यापर्यंत उतरणे, एवढाच आधार असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, पण ती रस्त्यापर्यंत येते आणि तिला बोलावण्यासाठी फोनला रेंज असावी लागते.

अशा ठिकाणी आई जेव्हा 'पोर चांगलं खेळतंय, कशाला त्याला ताप आणायचा' असे म्हणते, तेव्हा तिला अडाणी ठरवणे सोपे असते, पण तिचे गणित मांडून पाहिले तर ते चुकीचे म्हणता येत नाही. तोटा निश्चित आहे, आजच्या रात्रीचा आहे आणि तिच्या एकटीच्या वाट्याचा आहे: जागरण, भीती, दुसऱ्या दिवशीची बुडालेली मजुरी, आणि काही बिनसले तर 'तूच नेलं होतंस' हे सासरच्या घरात वर्षानुवर्षे ऐकणे. फायदा मात्र न झालेल्या आजाराचा असतो आणि न झालेला आजार कोणाला दिसत नाही. मानसशास्त्रात ज्याला कृती न करण्याकडचा कल म्हणतात, म्हणजे काही न केल्याने झालेल्या मोठ्या हानीपेक्षा आपल्या हाताने झालेली लहान हानी मनाला अधिक टोचणे, तो कल जगभर सर्वच पालकांमध्ये आढळतो. परंतु जिथे चूक सावरायला कोणीच नाही तिथे तो अधिक बळकट व्हावा हे स्वाभाविक आहे.

या म्हणण्याला आधार गळतीच्या आकडेमोडीत सापडतो. लसीकरणाच्या कामात पहिला पेंटा घेऊन तिसऱ्यापर्यंत न पोहोचलेल्या मुलांच्या प्रमाणाला गळती म्हणतात, आणि ही मुले म्हणजे ज्यांच्या आयांनी एकदा लस स्वीकारली होती अशीच मुले असतात. विचाराने विरोध असता तर त्या पहिल्यांदाही आल्या नसत्या. त्या आल्या, त्यांनी एक रात्र काढली आणि मग त्या थांबल्या. येथे आजीविषयीचा एक गैरसमजही दूर व्हायला हवा. घरातली सासू किंवा आजी म्हणजे जुन्या समजुतींचा अडथळा, असे प्रशिक्षणाच्या साहित्यात गृहीत धरलेले असते. घाटातला अनुभव मात्र असा, की गोवराने दगावलेली मुले जिने स्वतः पाहिली आहेत ती आजी नवव्या महिन्याच्या डोससाठी नातवाला स्वतःहून पुढे करते आणि पेंटाच्या वेळी तीच मागे खेचते, कारण घटसर्पाची तिची आठवण पुसट झालेली असते, तर मागच्या महिन्यातला ताप ताजा असतो.

हीच माणसे सुईला भीत नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अंगदुखी-तापासाठी खासगी डॉक्टरकडे पैसे मोजून 'एक सुई मारा' असा आग्रह धरणारे, कुत्रा चावला की त्याच दिवशी पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयाची वाट धरणारे आणि रेबीजचे पुढचे डोस तारखा मोजून पुरे करणारे कुटुंब बाळाचा दुसरा पेंटा मात्र पुढे ढकलते. आजारी माणसाला सुई म्हणजे उपचार आणि निरोगी बाळाला सुई म्हणजे दुखणे विकत घेणे, असा हा हिशेब आहे.

आजारानंतरच्या उपचाराने विश्वास कसा मिळतो याचे याच भागातले उदाहरण सर्वज्ञात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले, दगावत असत आणि दंश झालेल्याला आधी मांत्रिकाकडे नेण्याची रीत होती, कारण दवाखान्यात नेऊनही फारसे काही होत नसे. त्यांनी रुग्णाशेजारी तासन्‌तास बसून हृदय आणि फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांची नोंद केली, १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या साध्या गोळीच्या वापराने सुमारे चाळीस टक्क्यांवर असलेला मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला. मांत्रिकाविरुद्ध व्याख्याने देऊन हा बदल झाला नाही. रात्रभर डॉक्टर उशाशी होता आणि सकाळी मूल घरी परतले, हे गावाने पाहिले. लसीकरणाचे दुर्दैव असे, की त्याच्याकडे दाखवायला असे परतलेले मूल नसते. पण उशाशी बसलेला माणूस त्यालाही लागतो.

निर्णय कोण घेतो हा पुढचा प्रश्न. पोलादपूर-महाडच्या डोंगरी गावांतले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरीला आहेत, आधी गिरण्यांमध्ये आणि १९८२ च्या संपानंतर मिळेल त्या कामावर; त्यामुळे गावात बाळ, आई आणि आजी असतात, तर अनुमती फोनवरून येते. 'यांना विचारून सांगते' हे वाक्य आशांनी इतक्या वेळा ऐकलेले असते, की त्याचा अर्थ त्या आवाजावरून ओळखतात. फोनवरचा बाप अनेकदा मुंबईच्या चाळीत ऐकलेली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमी गावाकडे पाठवतो, त्यामुळे घाटातली अफवा बहुधा घाटातली नसते. त्याशिवाय पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि माहेर घाटापलीकडे महाबळेश्वर-जावळीकडे, कशेडीपलीकडे खेडमध्ये किंवा थेट मुंबई-ठाण्यात असू शकते. जन्माच्या वेळचे डोस एका जिल्ह्यात, दीड महिन्याचा दुसऱ्यात आणि कार्ड माहेरच्या ट्रंकेत, अशा स्थितीत बाळ सासरच्या गावी परतते तेव्हा त्याला काय मिळाले आणि काय राहिले याचा उलगडा करण्यात सत्राचा अर्धा वेळ जातो.

कातकरी कुटुंबांच्या बाबतीत हा गुंता अधिक कडवट होतो. पावसाळा सरला की ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात, आणि मधल्या सहासात महिन्यांत जन्मलेले मूल भट्टीच्या गावच्या यादीत नसते, कारण ते तिथले नाही, आणि मूळ गावच्या यादीतही नसते, कारण ते जन्मले तेव्हा तिथे कोणी नव्हते. एकही डोस न मिळालेल्या किंवा डोस अर्धवट राहिलेल्या अशा मुलांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये 'मिशन इंद्रधनुष' सुरू केले आणि त्यात वीटभट्ट्या, बांधकामे व भटक्यांचे पाल यांना जोखमीच्या जागा म्हणून वेगळे स्थान दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मधील ६२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७६ टक्क्यांच्या वर गेले, ही मोठी मजल आहे. मात्र सरासरीचा दोष असा, की पंधरा घरांची वाडी पूर्ण वगळली गेली तरी सरासरीला ते जाणवत नाही, आणि गोवराचा विषाणू नेमका अशाच वाडीत शिरतो.

सत्र कुठे भरते यालाही जातीचा आणि शेजाराचा इतिहास असतो. महाडमध्ये हे सांगताना चवदार तळ्याची आठवण टाळता येत नाही: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक प्रत्यक्ष तळ्यावर गेले तोपर्यंत तो ठराव कागदावरच होता. लसीकरण सत्राला कोणी कोणाला येऊ नको म्हणत नाही, हे मान्य करून असे म्हणावे लागते, की गावठाणातल्या देवळाच्या सभामंडपात सत्र भरले की आदिवासी वाडीतल्या बाया उशिरा येतात, कडेला उभ्या राहतात आणि बाळ रडले की आधी निघून जातात. तेच सत्र त्यांच्या वाडीत, एखाद्याच्या पडवीत भरवले तर त्या वेळेवर असतात. लस, सिस्टर, बाळ सर्व तेच असते.

कोविडच्या काळाने या सगळ्यावर प्रखर उजेड टाकला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच साथरोग कायदा लागू झाला, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळी घरझडतीसाठी वापरला गेलेला तो कायदा. मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांची नावे लिहिणे, त्यांना शाळेत विलग ठेवणे, ताप असलेल्याची माहिती वर कळवणे ही कामे आशांनाच करावी लागली, आणि १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाल्यावर 'लस घ्या' म्हणून दारात आलेली बाईही तीच होती. आदल्या वर्षी जिने नाव लिहिले की माणसाला नेत, तिच्यावर या वर्षी विश्वास ठेवायला काही घरांना वेळ लागला, तर त्याला अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे आहे.

पुढचा प्रसंग अधिक बोधक आहे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते. स्मार्टफोन, रेंज, इंग्रजीची तोंडओळख आणि वेळेत येणारा ओटीपी ज्यांच्याकडे होता त्यांना जागा मिळत, आणि शहरातली माणसे गाड्या काढून ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊन येत असल्याच्या बातम्या तेव्हा ठिकठिकाणांहून येत होत्या. त्याच दिवसांत वाडीतला माणूस लस मागायला आला तर त्याला परत जावे लागे. २१ जूनपासून धोरण बदलले, पुरवठा वाढला, ऑक्टोबरात राज्याचे 'मिशन कवच कुंडल' आणि नोव्हेंबरात केंद्राचे 'हर घर दस्तक' आले, आणि तोपर्यंत ज्याचा उत्साह मावळला होता, त्याच माणसाचे मागे राहणे आता 'संकोच' म्हणून मोजले जाऊ लागले. दरम्यान २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले, महाड शहर पुराखाली गेले आणि आंबेनळी घाट वाहतुकीस बंद झाला. ज्या वाडीवरचा डोंगर सुटला आहे तिने दुसऱ्या डोसची तारीख चुकवली, ही नोंद कोणत्या रकान्यात करायची हे कोणी ठरवून दिले नव्हते.

विश्वास, निर्धास्तता आणि सोय ही तीन कारणे वेगवेगळी मांडणे अभ्यासासाठी सोयीचे असले, तरी घाटात ती वेगळी सापडत नाहीत. गैरसोयीचे दोन-तीन अनुभव साठले की त्यांचाच अविश्वास होतो. त्यामुळे फलक, ध्वनिक्षेपक आणि पथनाट्ये यांचा परिणाम बेताचाच दिसतो आणि त्याउलट एक छोटी गोष्ट काम करून जाते, ती म्हणजे लसीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईने त्या घरी डोकावणे. सत्रात आरोग्यसेविकेने चार गोष्टी सांगाव्यात असा नियम आहे: कोणती लस दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो आणि कार्ड जपून ठेवा. त्रासाविषयीचे वाक्य गर्दीत घाईने उरकले जाते. तेच वाक्य आदल्या दिवशी आजीसमोर सांगितले, थेंबांची बाटली हातात दिली, किती थेंब ते चमच्यावर दाखवले आणि सकाळी कोणी येणार आहे हे कळले, की बहुतेक घरे पुढच्या महिन्याला पुन्हा येतात.

ही सकाळची फेरी मात्र आशाच्या मोबदल्यात बसत नाही. नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांपर्यंत दिलेल्या भेटींचे पैसे ठरलेले आहेत, पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाल्याचे ठरलेले आहेत, तिसऱ्या महिन्यापासून दर तिमाहीच्या गृहभेटींचेही आहेत. लसीच्या दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून वाडीवर जाण्याचे वेगळे काही मिळत नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा मानधनासाठी संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या कामाची मोजदाद काही दिवस वर्तमानपत्रांत झाली. दुसऱ्या दिवसाची फेरी त्यात नव्हती, कारण ती कोणत्याच नमुन्यात भरली जात नाही, आणि तालुक्याच्या मासिक बैठकीतही तिच्याविषयी कोणी विचारत नाही.